मेल्बा लिस्टन : आठवणी आणि त्यांचे रावी

२३ एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतल्या लॉस एंजेलिस शहरात मेल्बा लिस्टन यांचं निधन झालं. वय ७३. पुढे न्यूयॉर्कच्या सेंट पीटर्स चर्चमध्ये त्यांना निरोप देण्यासाठी वादक जमले. पियानोवादक रँडी वेस्टन यांनी वाजवलं, क्यूबाचे संगीतकार चिको ओफॅरिल यांचा ताफा वाजला. वादक मंडळी आपल्या माणसाला अशाच पद्धतीनं मातीआड करतात.

जॅझच्या वर्तुळाबाहेर हे नाव फारसं कुणाला माहीत नाही. मला ते भेटलं एका शब्दाच्या निमित्तानं. उर्दूच्या तासाला मी मुलांना ‘हुर्र’ म्हणजे स्वतंत्र माणूस, त्यावरून ‘हुर्रियत’, ‘अहरार’ अशी शब्दांची नाती सांगत असतो. अरबीतला हाच ‘हुर्र’ व्यापाऱ्यांच्या गलबतांबरोबर पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला आणि स्वाहिली भाषेत ‘उहुरू’ झाला. उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. हा शब्द शोधता शोधता ‘उहुरू आफ्रिका’ नावाची ध्वनिमुद्रिका हाती लागली. आवरणावर नाव रँडी वेस्टन यांचं होतं. आतल्या बारीक अक्षरांत होतं, संगीत संयोजन : मेल्बा लिस्टन.

हा लेख त्या बारीक अक्षरांविषयी आहे. मेल्बांबरोबर वाजवलेल्या लोकांनी त्यांच्याविषयी काय सांगितलं, आणि जे त्यांनी सांगितलं नाही ते कुणी विचारलं, याविषयी आहे.

आपल्याकडे रिवायत ऐकली की पहिला प्रश्न असतो, रावी कोण? म्हणजे ही गोष्ट सांगणारा कोण, तो तिथं हजर होता का, त्यानं ती कुणाकडून ऐकली? हदीसच्या अभ्यासकांनी या एका प्रश्नावर अख्खं शास्त्र उभं केलं. मरहूम माणसाच्या आठवणी ऐकतानाही हा प्रश्न विचारायला हरकत नसावी. ताजियती जलशात दहा माणसं बोलतात, दहाही जण खरं बोलतात, तरी गेलेल्या माणसाचं आयुष्य पुरतं उभं राहत नाही. कारण प्रत्येक जण आपण उभे होतो तिथूनच सांगत असतो.

आधी या वाद्याविषयी थोडं. ट्रॉम्बोन आपण वरातीच्या बँडमध्ये पाहिलेला असतो. पितळी नळी पुढे-मागे सरकवत वाजवतात तो. नळीच्या सात जागा असतात, पण त्या जागांवर कसलीही खूण नसते. हात आणि कान यांच्या भरवशावरच सूर पकडायचा. मेल्बांचा जन्म १३ जानेवारी १९२६ चा, मिझुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा. सात वर्षांच्या असताना दुकानात त्यांनी हे वाद्य पाहिलं आणि हट्टच धरला. आईनं घेऊनही दिलं. हात इतके आखूड की नळी शेवटच्या जागांपर्यंत न्यायची तर मान एका बाजूला वळवावी लागे. गिटार वाजवणाऱ्या आजोबांच्या सोबतीनं ही पोर कानानंच शिकली आणि आठव्या वर्षी स्थानिक रेडिओवर वाजवून आली.

१९३७ साली कुटुंब लॉस एंजेलिसला आलं. तिथं आल्मा हाइटावर नावाच्या बाई वस्तीतल्या काळ्या मुलामुलींना वाद्यं शिकवत. मेल्बा त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. सोळाव्या वर्षी वादकांच्या युनियनचं कार्ड मिळालं आणि पहिली नोकरी लागली ती लिंकन थिएटरच्या वाद्यवृंदात. त्या वृंदाचे प्रमुख होते बार्डू अली. हे नाव ऐकून माझ्यासारखेच तुम्हीही थबकला असाल. बार्डू म्हणजे बहादूर. त्यांचे वडील मोकसद अली हे बंगालच्या हुगळीकडचे मुसलमान फेरीवाले. चिकनकाम केलेलं कापड विकायला ही मंडळी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या न्यू ऑर्लीन्सपर्यंत पोहोचली होती. तिथल्या काळ्या वस्तीत त्यांनी संसार थाटले, त्यांची मुलं काळ्या अमेरिकनांचीच झाली. विवेक बाल्ड यांच्या ‘बंगाली हार्लेम’ या पुस्तकात ही हकिकत सविस्तर आली आहे. मेल्बांना पहिला पगार मिळाला तो अशा एका अलीच्या ताफ्यात.

पुढे त्या जेराल्ड विल्सन यांच्या मोठ्या वाद्यवृंदात गेल्या. वाजवता वाजवता त्यांनी संयोजनाचं काम उचललं, म्हणजे त्या अरेंजर झाल्या. हा शब्द आपल्याला हिंदी सिनेमामुळे माहीत आहे. चाल संगीतकाराची, पण व्हायोलिननं कुठं यायचं, ट्रम्पेटनं कुठं गप्प बसायचं, गाणाऱ्याच्या श्वासाच्या जागी कोणतं वाद्य वाजायचं, हे सगळं कागदावर उतरवतो तो अरेंजर. सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांच्यासारख्या गोव्याच्या लोकांनी मुंबईत हे काम वर्षानुवर्षं केलं आणि श्रेयनामावलीत त्यांचं नाव शोधावं लागतं. अरेंजरचं काम जितकं चांगलं, तितकं ते दुसऱ्याच्या नावात विरघळून जातं. मेल्बांनी आयुष्यभर हेच काम केलं. त्यात त्या बाई होत्या, त्यात काळ्या होत्या, आणि स्वभावानं अबोल. स्वतःचा डंका पिटणं त्यांना कधी जमलं नाही.

त्यांच्याविषयी पहिली साक्ष एका धूनच्या नावात आहे. सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन हे त्यांचे लॉस एंजेलिसमधले जुने दोस्त. १९४७ साली त्यांनी मेल्बांना सोबत घेऊन ध्वनिमुद्रण केलं आणि एका रचनेला नाव दिलं ‘मिस्चिव्हस लेडी’, खोडकर बाई. ते नाव मेल्बांवरूनच होतं. सगळं जग ज्या मुलीला लाजाळू म्हणे, तिचा मित्र तिला खोडकर म्हणत होता. एवढ्या एका नावातूनही कळतं की माणूस सगळ्यांसमोर सारखा नसतो.

दुसरी साक्ष ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी यांची. १९४९ च्या सुमारास त्यांनी मेल्बांना आपल्या मोठ्या वाद्यवृंदात घेतलं होतं. तो वृंद मोडला. मग गायिका बिली हॉलिडे यांच्याबरोबर दक्षिणेकडचा दौरा झाला, तोही फसला. प्रेक्षक आले नाहीत, पैसे संपले, वादक परक्या गावात अडकले. वर्णभेदाचे कायदे असलेल्या त्या मुलखात काळ्या वादकांनी अडकून पडणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. मेल्बा घरी परतल्या आणि त्यांनी ट्रॉम्बोन ठेवून दिला. लॉस एंजेलिसच्या शिक्षण मंडळात कारकुनी केली. सिनेमात किरकोळ कामं केली. ‘द प्रॉडिगल’ या चित्रपटात लाना टर्नरच्या मागे हार्प घेऊन चालणारी बाई त्याच.

१९५६ साली गिलेस्पींचा निरोप आला. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यानं त्यांना मोठा वाद्यवृंद घेऊन परदेश दौऱ्यावर पाठवायचं ठरवलं होतं. वृंद जमवण्याचं काम तरुण क्विन्सी जोन्स करत होते. काळे, गोरे, पुरुष आणि बायका असा हा संमिश्र ताफा जगाला दाखवायचा होता, कारण सोव्हिएत रशिया अमेरिकेतल्या वर्णभेदावर सतत बोट ठेवत होता. त्याच वेळी अलाबामातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांचा बसवरचा बहिष्कार चालू होता. म्हणजे घरी ज्यांना बसमध्ये पुढची जागा मिळत नव्हती, त्यांना सरकार परदेशात आपली शान म्हणून मिरवत होतं.

न्यूयॉर्कच्या तालमीत काही पुरुष वादक कुरकुरले. थेट कॅलिफोर्नियाहून एक बाई कशाला बोलावली, असं काहींनी शिवीसकट विचारलं. गिलेस्पींनी मेल्बांना स्वतः लिहिलेली संयोजनं वाटायला सांगितली. वादकांनी कागद समोर घेतले, वाजवायला लागले आणि दोन-चार मात्रांतच कोलमडले. तेव्हा गिलेस्पींनी तीच शिवी कुरकुरणाऱ्यांकडे परत केली. ही गोष्ट जॅझच्या जगात फार आवडीनं सांगितली जाते. तिची रावी खुद्द मेल्बा आहेत. गिलेस्पींचं आत्मचरित्र १९७९ साली आलं, त्यात त्यांच्या अनेक साथीदारांच्या आठवणी आहेत, मेल्बांचीही आहे. एखाद्या वादकानं आपल्या आत्मचरित्रात इतरांनाही बोलू द्यावं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

हा ताफा इराणमध्ये आबादानला उतरला. पुढे ढाका, कराची, बैरूत, दमास्कस, अंकारा, इस्तंबूल, अथेन्स. गिलेस्पी एका गारुड्यासमोर बसून ट्रम्पेट वाजवताहेत, हा त्यांचा प्रसिद्ध फोटो कराचीचाच. मेल्बांनी या वृंदासाठी ‘माय रेव्हरी’, ‘स्टेला बाय स्टारलाइट’ अशी संयोजनं लिहिली. या देशांतल्या बायका आपल्याभोवती कशा जमत, हेही त्यांनी नंतर सांगितलं. बायकांना संगीतापेक्षा वेगळंच जाणून घ्यायचं होतं. सोबत ना नवरा ना भाऊ, इतक्या पुरुषांबरोबर एकटी बाई देशोदेशी फिरते कशी? प्रश्न अगदी रास्त होता. त्याचं पुरं उत्तर त्या बायकांना तेव्हा मिळालं नसावं. ते पुढं चाळीस वर्षांनी आलं, त्याकडे मी येतोच.

ताफ्यातल्या पुरुषांच्या लेखी त्या पुढे ‘मामा मेल्बा’ झाल्या. वादकांच्या शर्टाची बटणं शिवायची, केस कापायचे, ही कामंही त्यांच्याकडे आली. सहकारी हे प्रेमानं आठवतात. मलाही ते वाचताना आधी गोड वाटलं. मग हिशेब मांडला. बाई रात्री कार्यक्रमात वाजवते, उरलेल्या वेळात पूर्ण वृंदासाठी संयोजनं लिहिते आणि वर पुरुषांची बटणंही शिवते. आपल्या घरात, शाळेत, संस्थेत असल्या ‘प्रेमळ’ बायकांची किती कामं आपण प्रेमाच्या खात्यावर लिहून टाकली आहेत?

तिसरी साक्ष सगळ्यात मोठी, रँडी वेस्टन यांची. १९५० च्या दशकाच्या अखेरीस दोघांची भेट झाली आणि ‘लिटल नाइल्स’पासून सोबत सुरू झाली, ती चार दशकं टिकली. त्याच काळात ‘मेल्बा लिस्टन अँड हर बोन्स’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. अनेक नामवंत ट्रॉम्बोनवादकांना सोबत घेऊन केलेली. प्रमुख म्हणून स्वतःच्या नावानं त्यांनी केलेली ही एकमेव. १९५९ मध्ये त्या क्विन्सी जोन्स यांच्या वृंदातून युरोपला गेल्या. ज्या संगीत नाटकासाठी हा वृंद गेला होता ते बंद पडलं, तरी वादक महिनोन्‌महिने युरोपभर वाजवत फिरले. या वृंदात बायका दोनच होत्या, मेल्बा आणि पियानोवादक पॅटी बाउन.

नोव्हेंबर १९६० मध्ये ‘उहुरू आफ्रिका’चं ध्वनिमुद्रण झालं. त्या एका वर्षात आफ्रिकेतले १७ देश स्वतंत्र झाले होते. कल्पना आणि चाली वेस्टन यांच्या, शब्द कवी लँग्स्टन ह्यूज यांचे, संयोजन मेल्बांचं. जॅझच्या मोठ्या वृंदाबरोबर आफ्रिकेचे आणि क्यूबाचे तालवादक बसवायचे होते. वृंदात युसूफ लतीफ आणि साहिब शिहाब हे सॅक्सोफोनवादक होते. दोघेही त्या पिढीत इस्लाम स्वीकारलेले काळे अमेरिकन. चार भागांच्या या रचनेतला एक भाग ‘आफ्रिकन लेडी’, आफ्रिकेच्या स्त्रियांना वाहिलेला. तो ऐकताना लक्षात येतं की गाणाऱ्या आवाजाला वाद्यं कुठेही झाकत नाहीत. ती खालून उचलून धरतात. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी सरकारनं या ध्वनिमुद्रिकेवर बंदी घातली. शब्दांची आणि सुरांची ताकद जुलमी लोकांना फार लवकर कळते.

वेस्टन नंतर मोरोक्कोत तंजा शहरात राहिले, तिथल्या ग्नावा वादकांकडून शिकले. त्या शहराच्या नावाची ‘तंजा’ ही ध्वनिमुद्रिका १९७३ ची. तिचंही संयोजन मेल्बांचं. मधल्या वर्षांत मेल्बांनी मोटाउन कंपनीसाठी काम केलं, मग काही वर्षं जमैकाच्या संगीत विद्यालयात शिकवलं.

१९८५ साली त्यांना पक्षाघात झाला. अर्धं अंग निकामी झालं, चाकाची खुर्ची आली. ज्या वाद्यासाठी सात वर्षांच्या मुलीनं मान वळवून हात लांब केला होता, ते कायमचं सुटलं. इथं वेस्टन यांची आठवण नुसती आठवण राहत नाही, ती कृती होते. मेल्बांनी संगणकावर संयोजन लिहायला शिकून घेतलं आणि वेस्टन यांनी त्यांना पुन्हा काम दिलं. दयेपोटी एखादं गाणं दिलं असं झालं नाही. १९९१ साली ‘द स्पिरिट्स ऑफ अवर अँसेस्टर्स’सारखा मोठा प्रकल्प त्यांच्या हाती सोपवला. १९९३ मध्ये ‘व्हल्कॅनो ब्लूज’ आली, तेव्हा आवरणावर दोन नावं होती, रँडी वेस्टन आणि मेल्बा लिस्टन. बारीक अक्षरांतलं नाव आता मोठ्या अक्षरांत आलं होतं. हार्वर्ड विद्यापीठात या दोघांच्या संगीताचा मोठा गौरव झाला आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत मेल्बा गेल्या. वेस्टन यांनी २०१० मधल्या आत्मचरित्रातही त्यांचं ऋण सविस्तर नोंदवलं. २०१८ मध्ये तेही गेले.

एवढ्या रिवायती वाचल्यावर चित्र सुंदर दिसतं. अबोल, प्रेमळ, कमालीची हुशार बाई आणि तिची कदर करणारे पुरुष. यातलं काहीही खोटं नाही. पण रावी कोण, हा प्रश्न इथं पुन्हा विचारायला हवा. मेल्बांच्या स्वतःच्या शब्दांतली एक आठवण सोडली, तर आतापर्यंतचे रावी पुरुष आहेत.

डिसेंबर १९९६ मध्ये स्मिथसोनियन संस्थेच्या मौखिक इतिहास प्रकल्पासाठी मेल्बांची दोन दिवस मुलाखत झाली. विचारणाऱ्या होत्या क्लोरा ब्रायंट. त्या ट्रम्पेटवादक, मेल्बांच्याच पिढीच्या, त्याच लॉस एंजेलिसच्या, त्यांच्यासारख्याच काळ्या. पुरुषांच्या ताफ्यात बाई म्हणून वाजवणं काय असतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायचं नव्हतं. या मुलाखतीत सत्तरीतल्या मेल्बांनी ते सांगितलं, जे कौतुकाच्या कुठल्याही आठवणीत नव्हतं. दौऱ्यावरच्या आयुष्यात वाट्याला आलेले बलात्कार. हे आपण आयुष्यभर सोसत आलो, डॉक्टरकडे जायचं, त्याला सांगायचं आणि विषय तिथंच संपवायचा, अशा आशयाचं त्या बोलल्या. आवेश नाही, तक्रारीचा सूर नाही.

अबोलपणाचा अर्थ इथं बदलतो. आपण ज्याला स्वभाव म्हणत होतो, त्यात किती भाग स्वभावाचा आणि किती जगण्याच्या गरजेचा? वादकांच्या जगात काम मिळतं ते ओळखीवर. नाव घेतलं तर उद्या कुणी बोलावणार नाही. शिवाय काळ्या पुरुषांवर आधीच खोटे आळ घेऊन त्यांना झाडाला टांगणारा तो देश. आपल्याच जमातीतल्या पुरुषाविरुद्ध तोंड उघडलं, तर ते कुणाच्या हातात जाईल, हा प्रश्न त्या पिढीतल्या काळ्या बाईपुढे होता. हा पेच आपल्याला अनोळखी आहे का? आपल्या घरांतल्या, मोहल्ल्यातल्या बायकाही बाहेरच्यांच्या हाती कोलीत नको म्हणून किती गोष्टी गिळतात. ‘कौम की इज्जत’ या दोन-तीन शब्दांखाली किती जबान्या दबल्या आहेत, याची मोजदाद कुणी केलेली नाही.

गिलेस्पी किंवा वेस्टन यांच्या प्रेमाला यामुळे उणेपणा येत नाही. एकानं भरल्या तालमीत बाजू घेतली, दुसऱ्यानं खुर्चीला खिळलेल्या बाईला पुन्हा काम दिलं. असे दोस्त लाभायला नशीब लागतं. पण त्यांच्या आठवणींत त्यांना दिसलं ते आहे. जे दिसलं नाही, ते मिळवायला योग्य माणसानं, वेळ काढून, माणूस हयात असताना विचारावं लागलं. क्लोरा ब्रायंट यांनी ते केलं. मुलाखतीनंतर अवघ्या अडीच वर्षांत मेल्बा गेल्या. तो डिसेंबर हुकला असता, तर आज आपल्याकडे एक गोड कथा असती आणि अर्धं आयुष्य कबरीत गेलं असतं.

मेल्बांचे कागद आता शिकागोतल्या कोलंबिया कॉलेजमध्ये जतन केले आहेत. त्यांच्या हातच्या संयोजनांवर अभ्यास होतो. २०१३ मध्ये सॅक्सोफोनवादक जेफ ब्रॅडफिल्ड यांनी ‘मेल्बा!’ नावाची रचना त्यांना अर्पण केली. म्हणजे आठवणीचं काम पुढच्या पिढीनं हाती घेतलं आहे.

आपल्याकडे उर्दूत तज़किऱ्यांची थोर परंपरा आहे. शायरांची आयुष्यं, त्यांचे उस्ताद, त्यांचे किस्से त्यात जपले गेले. मराठीतही व्यक्तिचित्रं उदंड आहेत. पण ज्यांनी मदरशांत, अंगणवाड्यांत, शाळांत, जमातखान्यांच्या स्वयंपाकघरांत उमर घालवली, त्या बायकांचे रावी कुठं आहेत? त्यांच्या जलशांत आपण ‘मरहूमा बहुत नेक खातून थीं’ म्हणतो आणि फातेहा पढून उठतो. नेक तर त्या होत्याच. पण त्यांनी काय केलं, कशाच्या बदल्यात केलं, कुणी त्यांना बळ दिलं आणि कुणी छळलं, हे विचारायला त्यांच्याच वयाची, त्यांच्याच कामातली एखादी क्लोरा ब्रायंट लागेल. आपल्या मुलींना आपण हे काम शिकवू शकतो. एक वही, मोबाइलमधला रेकॉर्डर आणि ऐकून घेण्याची तयारी, एवढंच भांडवल त्याला लागतं.

ज्यांना मेल्बा ऐकायच्या आहेत, त्यांनी आधी ‘आफ्रिकन लेडी’ ऐकावं. गाणारे आवाज दुसऱ्यांचे आहेत, चाल वेस्टन यांची आहे, शब्द ह्यूज यांचे आहेत. त्या सगळ्यांच्या खाली जे वाद्यांचं घर उभं आहे, ते मेल्बांनी बांधलेलं आहे.